करन्सी ट्रेडिंग आणि कोरियन नाचोज: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउससाठी मी द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं बघते. शनिवारी संध्याकाळी इंदिरानगरच्या आमच्या घरी पाच-सात जण जमतात. दोघे द्राक्षवाले, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, बाकी माझ्या भाचीची कॉलेजची मंडळी. डॉलर-रुपयावर गप्पा होतात आणि मध्यभागी परातभर कोरियन नाचोज, म्हणजे कोरियन चवीचे मक्याचे चिप्स, असतात. मग आठवडाभर फोनवर प्रश्नही तसेच जोडीने येतात: ‘ताई, मार्जिन किती लागतं? आणि गोचुजांग फ्रिजमध्ये ठेवायचं का?’ (गोचुजांग म्हणजे मिरचीची आंबवलेली कोरियन चटणी.) तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी नोंदणीकृत सल्लागार नाही आणि शेफ तर मुळीच नाही. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, सारखे होते ते एकत्र केलेत.

१. करन्सी ट्रेडिंग म्हणजे नेमकं काय? डॉलरच्या नोटा घेऊन ठेवायच्या का?

नोटांचा काही संबंध नाही. नाशिककरांना चलन म्हटलं की नाशिकरोडची प्रेस आठवते. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात, पण त्या नोटेची डॉलरमधली किंमत तिथे ठरत नाही. ती ठरते बाजारात, जोडीने. ‘डॉलर-रुपया’ ही एक जोडी, ‘युरो-डॉलर’ ही दुसरी. एक चलन घेतलं की दुसरं आपोआप विकलं जातं. १९६६ च्या जूनमध्ये सरकारने एका घोषणेत डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेला होता. १९९३ पासून हा दर बाजार ठरवतो आणि रिझर्व्ह बँक गरज पडेल तशी मध्ये उतरते. जगभरात या बाजाराची रोजची उलाढाल एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ९.६ लाख कोटी डॉलर होती. त्यात तुमचे-माझे पन्नास हजार म्हणजे गोदावरीच्या पुरात टाकलेला तांब्या.

२. हे आपल्याकडे कायदेशीर आहे का? एक जण म्हणतो हो, दुसरा म्हणतो जेलमध्ये जाशील.

दोघेही अर्धं खरं सांगताहेत. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडे परकीय चलनाचा सगळा व्यवहार १९९९ च्या फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याखाली येतो. मान्यताप्राप्त शेअर बाजारावर चलनाचे फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच बांधणारे सौदे, २९ ऑगस्ट २००८ ला सुरू झाले. आधी फक्त डॉलर-रुपया होता, २०१० मध्ये युरो, पौंड आणि येन आले. सेबीकडे (शेअर बाजाराच्या नियामकाकडे) नोंदणी असलेल्या ब्रोकरमार्फत हे करता येतं. इथपर्यंत ‘हो’ म्हणणारा बरोबर.

आता पुढचं. कितीतरी वर्षं ठरावीक मर्यादेपर्यंत कोणी कागद मागत नव्हतं. कागद मागत नाहीत म्हणजे गरजही दाखवायला नको, असा अर्थ लोकांनी काढला आणि हजारो जण निव्वळ अंदाजावर डॉलर घेऊ-विकू लागले. ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, की रुपयाचा समावेश असलेल्या जोड्यांत उतरायचं तर तुमच्याकडे खरा, करारात बांधलेला परकीय चलनाचा व्यवहार असला पाहिजे. १० कोटी डॉलरपर्यंत तो कागदाने सिद्ध करून दाखवावा लागत नाही, पण तो असावाच लागतो. शिवाय त्याच व्यवहारावर दुसरीकडे हेज, म्हणजे दर हलण्यापासून बचाव करणारा सौदा, घेतलेलं नसावं. हे ५ एप्रिलपासून लागू व्हायचं होतं. बाजारात धावपळ झाली, मग तारीख ३ मे २०२४ झाली. हौशी मंडळींनी सौदे आवरते घेतले आणि उलाढाल एकदम रोडावली.

जाता जाता सांगते. दुसऱ्याच दिवशी, ४ मे ला, कांद्याची निर्यातबंदी उठली, टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क लावून. त्या दोन दिवसांत माझा फोन सतत वाजत होता आणि एकानेही करन्सीबद्दल विचारलं नाही. नाशिक जिल्ह्यात डॉलरची बातमी कांद्याच्या गोणीतूनच येते.

३. माझी निर्यात नाही, आयात नाही, नोकरी आहे. मग मी काहीच करायचं नाही का?

अंदाजावर पैसे लावायचे असतील, तर रुपयाच्या जोड्यांत नाही. ब्रोकर खातं उघडून देईल, ‘माझा व्यवहार आहे’ असं लिहिलेल्या चौकोनात टिकही करवून घेईल. पण ती टिक तुमची असते, जबाबदारीही तुमचीच.

करण्यासारखं दुसरं आहे. वहीत काल्पनिक सौदे लिहा: तारीख, भाव, कारण आणि कुठे चुकलं. तीन महिन्यांनी वही वाचली की बहुतेकांचा ताप उतरतो. माझा २०१९ सालीच उतरला. तेव्हा सगळेच घेत होते, मीही हौसेने डॉलरचे दोन लॉट (एक लॉट हजार डॉलरचा) घेतले. कच्चं तेल महागणार म्हणजे डॉलर वर जाणार, हे माझं शास्त्र. तेल महागलं आणि डॉलर उतरला. तेराशे रुपये गेले. नवरा अजून दर शनिवारी ते सगळ्यांसमोर काढतो.

आणि डॉलर खरंच हवे असतील, म्हणजे प्रवासाला, मुलीच्या फीला, छोट्या आयातीला, तर बँकेने सांगितलेला दर मुकाट्याने मान्य करू नका. २०१९ च्या ऑगस्टपासून ‘एफएक्स-रिटेल’ नावाची सोय आहे. तुमची बँक तिच्यात असेल तर बाजारभावाच्या जवळचा दर मिळतो. ट्रेडिंगमधून सुटले असते त्यापेक्षा जास्त पैसे बऱ्याच जणांचे इथे वाचतात.

४. लॉट, टिक, मार्जिन: हे तीन शब्द एकदा सोपे करून सांगा.

डॉलर, युरो आणि पौंडाचा लॉट प्रत्येकी १,००० चा, येनचा १ लाखाचा. भाव कमीत कमी पाव पैशाने हलतो, त्याला टिक म्हणतात. एका डॉलर लॉटवर एक टिक म्हणजे अडीच रुपये, दहा पैसे हलला तर शंभर रुपये. मार्जिन म्हणजे इसार. ८५ रुपये भाव धरला तर लॉटची किंमत ८५,००० होते, पण तुमच्याकडून त्याचे काही टक्केच आधी घेतात. रोज संध्याकाळी नफा-तोटा रोखीने मांडला जातो. इसार कमी पडला की पुन्हा भरा, नाहीतर ब्रोकर सौदा कापतो. बाजार सकाळी ९ ते संध्याकाळी ५. शेवटच्या दिवशी डॉलर कोणी कोणाच्या हातात देत नाही, त्या दिवसाच्या संदर्भ दराने हिशेब रुपयांत मिटतो.

५. कोरियन नाचोज हा काय प्रकार आहे? कोरियात लोक हे खातात?

नाचोज मूळचे मेक्सिकोचे, १९४० च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावातले. त्यांना कोरियन चव लावणं ही अमेरिकेतली करामत. २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर एक ट्रक टॅको (मक्याच्या पोळीत भरलेलं सारण) विकू लागला, त्यात कोरियन पद्धतीने भाजलेलं बीफ. तिथून ही चव टॅकोवरून नाचोजवर उतरली. म्हणजे हे कोरियन घरातलं जेवण नव्हे. आपल्याकडे जसा ‘शेजवान डोसा’ असतो, तसं काहीसं. मक्याचे चिप्स, त्यावर गोचुजांग घातलेला चीज सॉस, परतलेलं पनीर किंवा चिकन, किमची (आंबवलेला तिखट कोबी), पातीचा कांदा, भाजलेले तीळ. एवढंच.

६. गोचुजांग कुठे मिळतं? नाही मिळालं तर लाल मिरचीचा ठेचा चालेल का?

गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या मोठ्या सुपरमार्केटांत लाल डब्यात दिसतं, ऑनलाइन तर मिळतंच. घेताना आयातदाराचं नाव, परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण ते बघा.

ठेचा चालणार नाही. गोचुजांग हे मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन आणि मीठ यांचं महिनोन्‌महिने मुरलेलं प्रकरण आहे. तिखटापेक्षा त्यात गोडसर, आंबूस खोली असते. ठेचा जिभेला चटका देऊन निघून जातो. अडलंच तर दोन चमचे बेडगी मिरचीची पूड, एक चमचा काकवी, एक चमचा सोया सॉस, अर्धा चमचा व्हिनेगर आणि दोन चमचे मऊ शिजलेला भात एकत्र वाटा आणि रात्रभर ठेवा. गोचुजांग म्हणता येणार नाही, पण नाचोजवर पाहुण्याला फरक सांगता येत नाही. लवंगी मिरची घेऊ नका, रंग येत नाही आणि दुसऱ्या घासाला पाणी लागतं.

उघडलेला डबा फ्रिजमध्येच ठेवा. वरचा थर काळपट पडला तर घाबरू नका, हवा लागली की रंग गडद होतो. बुरशी आली असेल तर मात्र फेका.

७. गोचुजांगचा डबा मध्येच महाग झाला. वॉन (कोरियाचं चलन) वाढला म्हणून का? वॉनमध्ये ट्रेडिंग करता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: आपल्या बाजारावर रुपयाच्या चारच जोड्या आहेत, वॉन त्यात नाही.

पहिल्याचं उत्तर गमतीशीर आहे. माल कोरियाचा असला तरी बिल बहुतेकदा डॉलरमध्ये असतं. त्यामुळे डब्याची किंमत बघायची तर डॉलर-रुपया आधी बघा, वॉन नंतर. त्यात जहाजाचं भाडं आलं, सीमाशुल्क आलं, आयातदार आणि दुकानदार आले. शिवाय दुकानातला माल महिन्यांपूर्वीच्या दराने आलेला असतो. रुपया आज घसरला म्हणून डबा उद्या महाग होत नाही, आणि रुपया सावरला म्हणून स्वस्त तर कधीच होत नाही. पेट्रोलवरून आपल्याला हे माहीतच आहे.

वॉन निघालाच आहे तर एक गोष्ट. १९९७ च्या शेवटी कोरियाकडचे डॉलर संपत आले, वॉन कोसळला आणि नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. १९९८ च्या सुरुवातीला तिथल्या लोकांनी लग्नातल्या अंगठ्या, बाळांची कडी असं घरातलं सोनं रांगा लावून देशाला विकलं. सुमारे ३५ लाख माणसं, २२७ टन सोनं. आमच्या शनिवारच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा सराफ बाजाराजवळ राहणाऱ्या वहिनी म्हणाल्या, ‘मी पाटल्या दिल्या असत्या, मंगळसूत्र नाही.’

८. टेलिग्रामवर एक ‘सर’ आहेत. दहा हजारांवर पाचशे पट लिव्हरेज देतात, रोजचा नफा दाखवतात. जॉइन करू का?

नको. कारण नीतीचं नाही, गणिताचं आहे. दहा हजारांवर पाचशे पट म्हणजे पन्नास लाखांचा सौदा. पन्नास लाखांचे ०.२ टक्के किती? दहा हजार. म्हणजे भाव तुमच्या विरुद्ध ०.२ टक्के हलला की खेळ संपला, आणि एवढं तर तो दुपारच्या चहाच्या वेळेत हलतो. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी मुख्य जोड्यांवर ३० पटींची मर्यादा घातली. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की अशा सौद्यांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात असतात. तिथे नियमांखाली ही गत. इथे समोरचा ‘बाजार’ म्हणजे एखादं ॲप असतं. भाव तेच दाखवतात, नफाही तेच दाखवतात, आणि पैसे काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात.

कायद्याच्या बाजूने: रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये विनापरवाना मंचांची सावधगिरीची यादी काढली. तेव्हा ३४ नावं होती, नंतर वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असं मात्र नाही. ‘वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवायला परवानगी आहे ना?’ हा सरांचा आवडता युक्तिवाद. ती योजना खरी आहे, पण परदेशी मार्जिन ट्रेडिंगसाठी ती वापरता येत नाही. फेमाखाली दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. आणि तो सरांना नाही, तुम्हाला.

९. ताई, भरलेत मी पैसे. आता काय?

आणखी एक रुपया भरू नका, ‘अडकलेले सोडवण्यासाठी’ तर अजिबात नाही. लगेच १९३० ला फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला लेखी कळवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येऊ शकतात. चॅट, पावत्या, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले ते सगळं जपून ठेवा. लाजेपोटी ग्रुप डिलीट करणारे मी दोन पाहिलेत, पुरावाही गेला.

उलटा प्रकारही होतो. ‘नफा’ म्हणून तुमच्या खात्यात आलेले पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाचे निघतात आणि तुमचंच खातं गोठतं. मग परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसा.

१०. मक्याच्या पिठाचे चिप्स लाटताना फाटतात. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, पीठ वेगळं आहे. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग दळतात, त्याने पिठाला चिकटपणा येतो. आपल्या गिरणीतल्या मक्याच्या पिठाला विरी नसते. उपाय आपल्या आज्यांना ठाऊक आहे: भाकरीसारखी उकड काढा. एक वाटी मक्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक किंवा मैदा, चमचाभर तेलाचं मोहन, मीठ. उकळतं पाणी थोडं थोडं घालत चमच्याने कालवा, झाकून वीस मिनिटं ठेवा, मग तेलाच्या हाताने मळा. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये पापडाइतकं पातळ लाटा, काट्याने टोचे मारा, त्रिकोण कापा. टोचे विसरलात तर पुऱ्या होतील. मध्यम आचेवर तळा, किंवा १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या की काढा, गार झाल्यावर आणखी कडक होतात.

घाई असेल तर तयार पाकीट घ्या, साधे खारे. मसालेवाले घेतले तर गोचुजांगशी भांडतात.

११. चीज सॉस दाणेदार होतो किंवा तेल सुटतं.

आच जास्त. एक चमचा लोण्यात एक चमचा मैदा कच्चा वास जाईपर्यंत परता, कोमट दूध एक कप हळूहळू घाला, दाट झालं की गॅस बंद करा. मग १०० ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज, आणि सगळ्यात शेवटी दीड चमचा गोचुजांग. प्रोसेस्ड चीजमध्ये चीज एकजीव ठेवणारे क्षार असतात म्हणून ते गुळगुळीत वितळतं. मोझरेला घातलंत तर दोऱ्या निघतील, फोटोला छान, बुडवायला नाही.

१२. किमची शाकाहारी असते ना? आणि नाशिकच्या उन्हाळ्यात घरी टिकेल का?

दिसते शाकाहारी, असतेच असं नाही. पारंपरिक किमचीत मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, डब्यावरचं चिन्ह बघा. घरी केली तर प्रश्नच मिटला. चायनीज कोबी नसेल तर साधा चालतो. एक किलो कोबी मोठे तुकडे करून पाव वाटी मिठात दोन तास ठेवा, दोनदा धुवा, घट्ट पिळा. तांदळाच्या पिठाची पातळ पेज, जाडसर बेडगी पूड, लसूण, आलं, थोडी साखर आणि पातीचा कांदा कालवून लावा. बरणीत दाबून भरा, कोबी रसाखाली राहिला पाहिजे.

थंडीत ओट्यावर दोन-तीन दिवस. मे महिन्यात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा एक दिवस पुरे, मग फ्रिज. रोज एकदा झाकण सैल करा. बुडबुडे आणि आंबट वास ठीक, कुजका वास आला तर बरणी रिकामी करा. कोरियात थंडीआधी सगळी आळी जमून थंडीपुरती किमची घालते, त्या प्रथेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. आपल्या पापड-कुरडयांना कोणी अजून विचारलेलं नाही.

१३. ताटात वाढेपर्यंत नाचोज मऊ पडतात.

नाशिककराने हा प्रश्न विचारू नये. मिसळीत फरसाण आधी भिजवून आणलं तर हॉटेलवाल्याला काय ऐकवाल? तोच न्याय. चिप्स पसरा, त्यावर आधी कोरडं: २०० ग्रॅम पनीर, चमचाभर गोचुजांग, चमचाभर सोया सॉस आणि गुळाचा खडा घालून पाणी आटेपर्यंत परतलेलं. मग सॉस, तोही सगळीकडे ओतायचा नाही, रेघा मारायच्या. किमची मुठीत पिळून बारीक चिरून. शेवटी पातीचा कांदा, तीळ, आणि हंगाम असेल तर आंबट-गोड हिरव्या द्राक्षांचे काप. द्राक्षं हा माझा आगाऊपणा आहे, पण तिखट चीजवर ती जे करतात ते खाऊन बघा. उरलेला सॉस वाटीत बाजूला द्या, तर्रीसारखा.

कोरियन तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, आपलं घाण्याचं तसं उग्र नसतं. तीळ खमंग भाजून खलबत्त्यात भरडले की काम भागतं.

१४. हेजिंग खऱ्या आकड्यांत दाखवाल का?

आकडे काल्पनिक, पद्धत खरी. निफाडच्या एका निर्यातदाराला मार्चअखेर २०,००० डॉलर येणार आहेत, ऑर्डर पक्की आहे. जानेवारीत मार्चचा फ्युचर ८५ ला आहे. तो २० लॉट विकतो. मार्चमध्ये डॉलर ८३.५० झाला तर बिलावर ३०,००० कमी आले, फ्युचरवर ३०,००० मिळाले. ८७ झाला तर बिलावर ४०,००० जास्त, फ्युचरवर तेवढेच गेले. दोन्हीकडे त्याचा दर ८५ च्या आसपास बांधला गेला.

इथे बहुतेक जण घसरतात. डॉलर चढत असताना फ्युचरचा तोटा रोज रोखीने भरावा लागतो (प्रश्न ४ पाहा), आणि बिलाचे जादा पैसे मार्चमध्ये येणार असतात. मधल्या दीड-दोन महिन्यांत खिशातून पैसे जाताना दिसतात, घरचे विचारतात, ‘हा कसला सट्टा?’, आणि माणूस घाबरून नेमकं तेव्हाच हेज मोडतो. त्यासाठी रोकड आधीच बाजूला काढून ठेवा. नाही जमणार तर बँकेचा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा दर थेट बँकेशीच बांधणारा करार, बरा (पुढचा प्रश्न).

१५. बँकेचा फॉरवर्ड की बाजारातला फ्युचर? आणि लांबच्या महिन्याचा भाव नेहमी जास्त का दिसतो?

फॉरवर्डमध्ये रक्कम आणि तारीख तुमच्या बिलाप्रमाणे, १८,७४० डॉलर असले तरी तेवढेच. रोजचा रोखीचा हिशेब नाही. पण बँकेची मर्यादा मंजूर असावी लागते आणि दरात बँकेचं मार्जिन (इथे बँकेचा नफा, इसार नव्हे) असतं. ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून विचारा. फ्युचरचा भाव समोर दिसतो, पण हजारांच्या पटीत आणि ठरलेल्या तारखेलाच.

लांबचा भाव जास्त असतो कारण आपले व्याजदर बहुतेक काळ अमेरिकेपेक्षा जास्त राहिलेत. तो फरक भावात मिसळलेला असतो. ‘बाजाराला वाटतं डॉलर चढणार’ असा त्याचा अर्थ काढू नका. निर्यातदाराला हा फरक मिळतो, आयातदाराला द्यावा लागतो.

१६. द्राक्षं अजून वेलीवर आहेत, ऑर्डर आलेली नाही. आत्ताच हेज घेऊ का? आणि घेतल्यावर ऑर्डर रद्द झाली तर?

बाजारावर नाही. नियमात ‘करारात बांधलेला’ व्यवहार हवा (प्रश्न २), वेलीवरचा घड हा करार नव्हे. अपेक्षित निर्यातीवर काही करायचं असेल तर बँकेकडे जा, मागच्या वर्षांची निर्यात दाखवून फॉरवर्डबद्दल बोला.

ऑर्डर रद्द झाली तर हेजखालची जमीनच सरकली. उरतो तो निव्वळ अंदाजाचा सौदा. ‘भाव बरा दिसतोय, राहू दे आठवडाभर’ हा मोह टाळा, तेवढे लॉट मोकळे करा. गेल्या हंगामात एका मालावर खरेदीदाराने तिकडे पोचल्यावर दर पाडून घेतला. बिल २४,००० वरून १९,००० डॉलरवर आलं. आम्ही त्याच दुपारी पाच लॉट काढले.

१७. टॅक्स कसा लागतो?

मान्यताप्राप्त बाजारावरचा करन्सी फ्युचरचा नफा-तोटा धंद्याचं उत्पन्न म्हणून धरला जातो, भांडवली नफा म्हणून नाही. त्यामुळे साधा पगारदाराचा फॉर्म चालत नाही. तोटा झाला तरी विवरणपत्र वेळेत भरा, तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. प्रश्न ८ मधल्या ॲपवरचा तोटा मात्र सीएकडे घेऊन जाऊ नका, आधी वकील गाठा.

१८. आमच्याकडे कांदा-लसूण नाही. हे नाचोज होतील का?

होतील, पण तयार गोचुजांगने कदाचित नाही. मूळ पाककृतीत लसूण नसला तरी बाजारातल्या बऱ्याच डब्यांत कांदा-लसणाचा अर्क असतो. गहू असतो, आणि टिकण्यासाठी थोडं अल्कोहोलही घातलेलं असतं. लेबल बारीक अक्षरांतलं वाचा. प्रश्न ६ मधलं घरचं वाटण घ्या. किमचीऐवजी काकडी मीठ लावून पिळून बेडगी पूड, तीळ आणि लिंबू. पातीच्या कांद्याऐवजी कोथिंबिरीचे देठ.

१९. मी कॉलेज रोडला नाचोजचा स्टॉल टाकलाय. महिन्याला गोचुजांगचे चाळीस डबे लागतात. डॉलर हेज करू शकतो का?

हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न, कारण दोन्ही विषय एकाच कढईत आले. तुम्ही आयातदाराकडून रुपयांत बिल घेता ना? मग परकीय चलनाचा व्यवहार त्याचा आहे, तुमचा नाही. डॉलर चढला की तुम्हाला झळ बसते हे खरं, पण नियमाला झळ चालत नाही, करार लागतो. उद्या स्वतः थेट कोरियातून डॉलरच्या बिलावर माल आणलात तर गोष्ट वेगळी. तरी चाळीस डब्यांचं बिल एका लॉटच्या, म्हणजे हजार डॉलरच्या, आसपास तरी पोचतं का ते आधी बघा.

तुमचं हेज वेगळं आहे: आयातदाराशी तीन महिन्यांचा दर रुपयांत ठरवून घ्या. आणि स्टॉलची अन्नसुरक्षा नोंदणी झाली नसेल तर ती आधी.

२०. उरलेल्या नाचोजचं दुसऱ्या दिवशी काय करायचं?

सॉस लागलेले असतील तर विसरा, सकाळी कोणी बघत नसताना उभ्या उभ्या खाऊन टाका. कोरडे चिप्स उरले तर चुरून, त्यावर मटकीची उसळ, किमचीचा रस चमचाभर, वरून कांदा आणि लिंबू. आमच्याकडे त्याला ‘सोल मिसळ’ म्हणतात. निवृत्त काका नाचोजला हात लावत नाहीत, पण रविवारी सकाळी याच्यासाठी डबा घेऊन येतात.